समोरच्याची बाजू

मुलींचं वसतिगृह, मिशन कॉलेज
बुलडाणा
२२ जुलै २०२४

प्यारे मामू,

अस्सलामु अलैकुम. तुमच्या भाचीचं हे पहिलंच पत्र, हसू नका. घरात आपण भांडतो उर्दूत, पण शाळा दोघांचीही मराठी, म्हणून कागदावर मराठीच येते. इथं फोन वॉर्डन बाईच्या कपाटात राहते, रविवारी दुपारी तेवढा हातात मिळते. आणि मिळून तरी काय? डॉक्टरनं तुमच्या तोंडाले कुलूप लावलं. तुम्ही पाटीवर लिहिणार, अम्मी ते वाचून मले फोनवर सांगणार, अन् त्यात निम्मं आपल्या मनचं घालणार. त्यापेक्षा पत्र बरं.

मंडीत भाजीचा हर्रास कसा होऊन राह्यला? तुमच्या जागी बोली लावायले मोईज भाईचा आवाज पुरते का? पहाटे अख्ख्या बाजारावर ज्याचा आवाज चढायचा, तो माणूस गळ्यात पाटी बांधून गादीवर गप्प बसला, हे मले अजून खरं वाटत नाही.

आता कॉलेजचं सांगते. मामू, मी पहिल्या दिवशी ग्रंथालयाच्या दारातच थांबली. पुस्तकं छतापर्यंत. वरची काढायले शिडी लावा लागते. मी ग्रंथपालांले विचारलं, यातलं कोणतं घेता येते? ते म्हणाले, कोणतंही. मी म्हटलं, कोणतंही म्हणजे? ते म्हणाले, कोणतंही म्हणजे कोणतंही, पोरी. मले घामच फुटला. त्या दिवशी एकही न घेता परत आली.

तत्त्वज्ञानाले अनुपमा साळवे मॅडम आहेत. पहिल्या तासाले पिशवीतून एक वांगं काढलं अन् टेबलावर ठेवलं. याचा भाव काय? मी उठून मलकापूरचा सकाळचा भाव सांगितला, सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, बरोबर असेल. पण हा भाव आहे कुठं? वांग्यात आहे? विकणाऱ्यात आहे? घेणाऱ्यात आहे? कापून पाहिलं तर सापडेल का? मी जन्मभर भाव ऐकत मोठी झाली, मामू, अन् हा प्रश्न कधी मनातही आला नाही. रात्री जेवताना वांग्याची भाजी होती. मी तिच्याकडं पाहतच राहिली. रेणुका म्हणे, खातेस का तिची मुलाखत घेतेस? रेणुका म्हणजे माझी खोलीतली जोडीदार, अमडापूरची. लई बोलते.

एक विचारायचं होतं. तास सुरू व्हायच्या आधी इथं चर्चचं दार उघडं असते. गाणं नाही, प्रवचन नाही. ज्याले वाटेल त्यानं जाऊन गप्प बसायचं. मी गेली तर चालेल का? अम्मीले विचारलं नाही. तुमाले विचारते.

दिवाळीपर्यंत शिकून पाहा, मग हे का नर्सिंग ते मी ठरवीन, असं तुम्ही म्हणाले होते. ते मी विसरली नाही. पण आत्ताच सांगून ठेवते, मले इथंच राहायचं आहे.

तुमची,
महनूर


मलकापूर
३ ऑगस्ट २०२४

बेटा महनूर,

वालेकुम सलाम. पत्र पोचलं. अक्षर चांगलं आहे, बाकीचं वाचून डोकं तापलं.

फी भरून पोरगी घाटावर धाडली अन् तिथं बाई वांगं दाखवून राह्यली! वांगं पाहाले मंडीत काय कमी होते का? तुह्या बाईले माहा सलाम सांग अन् हेही सांग, की भाव घेणाऱ्याच्या खिशात असते. कापायची गरज नाही. बस. झाला तुहा बीए.

पण एक घोळ झाला. तुहं पत्र मी मोईजले वाचाले देल्लं. ते येडं दुसऱ्या दिवशी हर्रासाच्या मधातच देऊळघाटच्या एका मायीले विचारते, मावशी, भाव कुठं आहे? ती म्हणे, तुले ठाऊक नाही तर तिथं उभा काऊन आहेस रे? सगळी मंडी हसली. मी पाटीवर 'पुढं चाल' असं लिहून उचलून धरलं, तर त्याचं ध्यानच नाही. माह्या पोराचा आवाज बकरीसारखा निघते. मेथी, सांबाराच्या जुड्या कशाबशा विकते. टमाट्याचे कॅरेट आले की घाबरते.

माही तब्येत ठीक आहे. अकोल्याचा डॉक्टर म्हणे, अजून दोन-तीन महिने तोंड बंद, मग पहिल्यासारखा आवाज. फिकीर करू नको. तुह्या अम्मीलेही तेच सांगतलं.

चर्चमध्ये बसाले काय हरकत आहे? देवाच्या घरात गप बसल्यानं कोणाचं काय बिघडलं? मनात कलमा म्हण. कोणी काही खायले वाटलं तर आधी विचारून घे, मग हात पुढं कर. आपल्या अन् त्यांच्या, दोघांच्याही रिवाजाची इज्जत राहते.

नर्सिंगच्या मॅडमले भेटून आलो. दिवाळीपर्यंत जागा धरतो म्हणे. तुहं इथंच-तिथंच मी काही ऐकलं नाही. ठरवणार मीच.

तुहा मामू,
वाहेद


बुलडाणा
२५ ऑगस्ट २०२४

प्यारे मामू,

अस्सलामु अलैकुम. खिशाचं उत्तर बाईंले सांगितलं. त्या म्हणाल्या, मामूंना विचार, खिसा रिकामा असलेला माणूस त्याच वांग्यापाशी थांबून पाहतो, तेव्हा त्याच्यासाठी त्याची किंमत काहीच नसते का? इथं असंच होते. उत्तर घेऊन जावं, तर बाई त्याच उत्तरातून दुसरा प्रश्न काढून हातात देतात. राग यायले पाहिजे, पण येत नाही. रात्री पडल्या पडल्या छताकडं पाहते, तर वाटते की आपलं घर, आपली मंडी, तुम्ही, अम्मी, सगळं मी आजवर पाहिलंच नव्हतं, नुसती त्यातून ये-जा करत होती.

इतिहासाचे सर म्हणाले, एखाद्या लढाईची गोष्ट ऐकली की विचारायचं, ही सांगितली कोणी, अन् ज्यानं सांगितली नाही तो कुठं होता? मामू, एवढा साधा प्रश्न शाळेत दहा वर्षं कोणी मले विचारला नाही.

पण सगळ्यात भारी शुक्रवार. त्या दिवशी साळवे मॅडमच्या तासाले दोघांचं न पटणारं काहीतरी घ्यायचं, अन् आपली नाही, समोरच्याची बाजू मांडायची. अशी मांडायची की ते त्याचंच वाटलं पाहिजे. आपलं एक अक्षर मिसळायचं नाही. टोमणा नाही, अन् शेवटी 'पण' म्हणून आपलं घोडं पुढं दामटायचं नाही. रेणुका अन् तिच्या वडिलांचं शेतातल्या विहिरीवरून वाजलं आहे. ती त्यांची बाजू सांगायले उठली. आधी सगळे हसत होते. मग ती बोलता बोलता थांबली अन् म्हणाली, अरे, ते तर घाबरलेले आहेत. माझ्या अंगावर काटा आला.

चर्चमध्ये रोज जाते. इतकी पोरं एका छताखाली अन् आवाज फक्त पंख्याचा. कोणी कोणाले विचारत नाही, तू मनात काय म्हणून राह्यली. तुम्ही इथं बसले असते तर तुमाले तोंड बंद ठेवणं जड गेलं नसतं.

मामू, नर्सिंग काऊन, हे तुम्ही मले कधी नीट सांगितलं नाही. नुसतं 'ठरवणार मीच'. एकदा लिहा ना.

तुमची,
महनूर


मलकापूर
८ सप्टेंबर २०२४

बेटा महनूर,

मी माही बाजू लिहू? काऊन? अठरा वर्षं माह्या घरात वाढली, तुले माहीत नाही? डोळे उघडे ठेवून पाह्यलं असतं तर लिहाची गरज पडली नसती.

मंडीत काम वाढलं आहे. मोईज वैतागला. मी इशारे करतो तर अर्धे व्यापारी म्हणतात वाहेदभाई माश्या हाकलून राह्यले. हात दुखतो. जास्त लिहीत नाही.

तुहा मामू,
वाहेद


बुलडाणा
२७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार

प्यारे मामू,

अस्सलामु अलैकुम. आज वर्गात माझी पाळी होती. बाईंनी विचारलं, तुझ्या समोर कोण आहे? मी म्हटलं, माझे मामू. वर्गात बोलली तसंच्या तसं लिहून धाडते.

मामूचं म्हणणं असं.

माझी बहीण नूरजहां नवरा गेल्यावर माझ्या घरी आली, तेव्हा तिच्या कडेवर ही पोरगी होती अन् हातात काहीच नव्हतं. मी तिले कधी वावगा शब्द बोललो नाही. माझ्या बायकोनंही नाही. तरी माझ्या बहिणीनं या घरात कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. मी म्हणायचो, घे ना आपा. ती म्हणायची, पोट भरलं. भरलं नाही हे मले माहीत होतं अन् मले माहीत आहे हे तिले माहीत होतं. तिच्या पोरीनं कोणाच्याही घरात, नवऱ्याच्या, भावाच्या, मामाच्या, असं ताटावरून उठू नये.

मी माझ्या घशावर जगलो. लोक म्हणायचे, वाहेदचा आवाज म्हणजे खुदाची देण. मलेही वाटे, देण आहे, कुठं जाते? एक दिवस सकाळी उठलो अन् तो गेला. डॉक्टर म्हणे दोन-तीन महिने. मी मान हलवली. पण माझी उमर समोरच्याचा चेहरा वाचण्यात गेली. हा घेणार, हा नुसता उभा आहे, हे मले बोली लागायच्या आधी समजते. तो डॉक्टर मले हे सांगताना माझ्याकडं पाहत नव्हता. तो आवाज परत यायचा नाही. मी घरात कोणालेच सांगितलं नाही. सांगितलं तर बहीण उरलेली अर्धी पोळीही टाकून देईल.

म्हणून पोरीच्या हातात असं काम पाहिजे जे घशासारखं दगा देणार नाही. दुखणं गावोगाव आहे, सुई देणारीले कोणी दारातून परत धाडत नाही. पोरीले पुस्तकं आवडतात, दिसते मले, मी आंधळा नाही. पण मले आवडीचीच भीती वाटते. माझा आवाज मलेही लई आवडायचा.

झालं, मामू. एवढंच बोलली. बोलून झाल्यावर बाईंनी मले पाणी दिलं. यात माझं एक अक्षर नाही, अन् पुढं 'पण'ही नाही. बरोबर आहे का, ते तुम्ही सांगा.

तुमची,
महनूर


मलकापूर
५ ऑक्टोबर २०२४

माही लाडाची पोरगी,

काय लिहू? तुह्या अम्मीनं पत्र मोठ्यानं वाचलं. वाचताना आपा रडली, मी रडलो, तुही मामी रडली. मोईज रडत नव्हता, तर मामीनं त्याले रागावलं की तुले काळीज नाही का.

तुले समजलं, बेटा. मले दुसरं काहीच पाहिजे नव्हतं. 'पण' नाही म्हणून तू सोता लिहिलंस! त्या शब्दानं माह्या छातीवरचा धोंडा उतरला. मले वाटे, जबरदस्तीनं आणली तर पोरगी जन्मभर मनात धरीन. आता तू आपल्या खुशीनं येऊन राह्यली.

लगोलग नर्सिंगच्या मॅडमकडं गेलो. पाटीवर ठसठशीत लिहून दाखवलं, 'पोरगी येते'. मंडीत पेढे वाटले. लोक म्हणाले, वाहेदभाई, आवाज आला का? मी मान हलवून सांगतलं, त्यापेक्षा मोठं काम झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मोईज टेम्पो घेऊन येते. पेटी, गादी बांधून ठेव. सगळ्या बाईंचा, सरांचा नीट निरोप घे, तोंड चुकवून निघू नको.

आता एक सांग. आवाजाचं तुले कोणी सांगतलं? त्या खोलीत डॉक्टर होता अन् मी होतो. मोईज बाहेर चहा पीत होता. डॉक्टर म्हणे, ऑपरेशन केलं तर बोलता येईन, पण मंडीवरचं ओरडणं आता विसरा. मी त्याचे कागद दुकानात गादीखाली ठेवले. तुहं पत्र वाचेपर्यंत आपालेही ठाऊक नव्हतं. कोण बोललं? मी रागावणार नाही.

तुहा मामू,
वाहेद


बुलडाणा
१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

प्यारे मामू,

मोईज भाई टेम्पोपाशी उभा आहे अन् मी बोनेटवर कागद ठेवून लिहिते. टेम्पो रिकामाच परत येईल. भाईवर रागावू नका, तो मले घेऊनच जायचं म्हणत होता, मीच पेटीवर बसून राहिली.

या अल्लाह, मामू, ते पत्र म्हणजे शुक्रवारचं होतं! समोरच्याची बाजू. मी ऑगस्टच्या पत्रात सगळं समजावून लिहिलं होतं. 'पण' लावायचं नाही हा बाईंचा नियम आहे, माझा होकार नाही. तुमचे पेढे वाटून झाले हे वाचलं अन् मी गारच पडली. लगेच पत्र टाकायले पाहिजे होतं. लई कागद फाडले. काय लिहू तेच सुचेना.

अन् आवाजाचं मले कोणीच सांगितलं नाही. अम्मीची शपथ. मी वर्गात उभी राहिली, अन् डोळे मिटून मनानंच दवाखान्यातून बाहेर निघाली. तुमच्या चपला घालून निघाली म्हणा. पायरी उतरता उतरता ते मले समजलं. मी म्हटलं, हे आपल्या मनचं असेल, खरं नसेल. बोलताना मनात दुवा करत होती की हे चूक निघो. ते खरं निघालं हे तुमच्या पत्रात वाचलं अन् मी चर्चच्या पायरीवर बसून लई रडली. रेणुका शेजारी येऊन बसली. एवढ्या दिवसांत ती पहिल्यांदा गप्प बसली असेल.

मामू, तुम्ही म्हणाल तर मी येईन. आता तुमची बाजू मले इतकी ठाऊक झाली आहे की तुमाले नाही म्हणताना माझीच जीभ अडखळते. एकच मागते. एकदा माझी बाजू तुम्ही सांगा. तुमच्या मनचं न घालता. मग जे ठरवाल ते कबूल. वाटल्यास इथं येऊन पाहा. बाईंले मी विचारून ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, कधीही येऊ द्या, मागच्या बाकावर जागा आहे.

भाई हॉर्न वाजवून राह्यला.

महनूर


मलकापूर
१७ ऑक्टोबर २०२४

महनूर,

मंडीत तोंड दाखवाले जागा ठेवली नाहीस. ज्यानं त्यानं पेढे खाल्ले अन् आता जो तो विचारते, पोरगी आली का? मोईज रिकामा टेम्पो घेऊन आला तर आपानं दोन दिवस चूल पेटवली नाही. मामीनं पेटवली म्हणून आम्ही जेवलो.

लई राग आहे. हा कागदही रागानंच लिहून राह्यलो.

पण पोरी, तुले कोणी सांगतलं नाही? खरंच नाही? मंग कळलं कसं? मी गादीवर बसतो, समोर बोली चालू असते, अन् माहं ध्यान तिथंच जाते. बंद खोलीतली गोष्ट घाटावर बसून पोरीले कळली कशी? हे तिथं शिकवतात?

मोईजनं मंडी सांभाळली तर येतो एखाद दिवशी. तुले सांगून येणार नाही.

वाहेद


मलकापूर
२४ ऑक्टोबर २०२४

बेटा महनूर,

मंगळवारी मी येऊन गेलो. तू पुढच्या बाकावर होती, मागं वळून पाह्यलं नाहीस, बरं केलंस.

सकाळची पहिली गाडी धरून घाट चढलो. चौकीदारानं हटकलं तर पाटीवर लिहून दाखवलं, 'महनूर बागवानचा मामू'. तो गडबडीनं बाईले घेऊन आला. तुही बाई भली आहे, पण तिनं माह्या हातातून पाटी घेतली अन् त्यावर लिहिलं, 'या, बसा'. मी खाली लिहिलं, 'मले ऐकू येते'. ती इतकी लाजली, इतकी हसली, की माह्या मनातला अर्धा राग तिथंच सांडला.

तासाले वेळ होता. बाई म्हणे, वाटलं तर चर्चमध्ये बसा. चपला काढून आत गेलो. पोरं-पोरी येत होती अन् बसत होती. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, काय माहीत कोण कोण. कोणी कोणाले गप राहा म्हटलं नव्हतं. बेटा, मी चार महिने गप आहो, पण जबरीनं. डॉक्टरनं माहं तोंड शिवलं म्हणून. अन् इथं ज्यांच्या तोंडात जवानीचा आवाज आहे ते आपल्या मर्जीनं गप बसले! माह्या डोळ्याले धार लागली. मनात दरूद पढलो. आजवर मले गप बसणं म्हणजे दुकान बंद पडल्यासारखं वाटे. तिथं पहिल्यांदा वाटलं, की आत काहीतरी चालू आहे.

मंग तुहा तास. मागच्या बाकावर बसलो. बाईनं फळ्यावर एक माणूस काढला अन् पोराईले म्हणे, याचं नाव ठेवा. कोणी म्हटलं कडूबा. हा कडूबा कशाकशानं कडूबा आहे ते सांगा म्हणे. पोरं सांगत गेली, ती लिहीत गेली. नाव. गाव. चेहरा. भाषा. काम. आठवण. मग तिनं डस्टर उचललं. गाव पुसलं. अजून कडूबाच आहे का? पोरं म्हणे हो. नाव पुसलं. हो. चेहरा अन् भाषा पुसली. काहीजण हो, काहीजण गप. मग तिनं काम पुसलं.

मी मनातल्या मनात ओरडलो, नाही! आता तो कडूबा नाही! अन् तेवढ्यात तू उठली. तू म्हणे, काम गेल्यावर तो स्वतःलेच अनोळखी झाला असेल, पण घरातल्यांले तो अजून ओळखू येते. मग तो कोण आहे हे ठरवायचं कोणी? त्यानं, का त्यांनी? बाईनं डस्टर टेबलावर ठेवलं. मग म्हणे, महनूर, हा प्रश्न मी घरून आणला नव्हता.

आपली पोरगी, जिले मी मांडीवर बसवून बोली शिकवली, तिनं बाईले थांबवलं! मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली, नाहीतर उठून नाचलो असतो.

आता तुही बाजू. माह्या मनचं न घालता.

महनूरचं म्हणणं असं. नर्सिंग चांगलं काम आहे, मी त्याले नावं ठेवत नाही. पण मी अशा जागी येऊन पोचली जिथं मले माझा मामू दिसला. त्याच्याच घरात वाढली, त्याच्या ताटात जेवली, तेव्हा दिसला नव्हता. जे शिकून मले माझ्या घरातला माणूस दिसला, ते मी अर्ध्यात कसं टाकू? अजून तर अम्मी पाहायची आहे. उद्या पोटाचं काय, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. मामूची भीती खरी आहे, ती मलेही वाटते. भीती घेऊनच मले इथं राहायचं आहे.

बरोबर आहे का ते तू पाहा. मी मात्र हे लिहून झाल्यावर परत माह्या बाजूले यायची वाट हुडकली, तर सापडून नाही राह्यली. कालच नर्सिंगच्या मॅडमले जाऊन सांगतलं, जागा दुसऱ्या पोरीले द्या. मंडीतले हसले. हसू दे. आपाले मी समजावतो. पेढ्याचं तिनं लई मनाले लावून घेतलं, पण समजीन ती. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं आहे. हर्रास आता मोईजचाच.

मुद्द्याचं राह्यलं. फळ्यावर शेवटचा शब्द उरला होता, 'आठवण'. बाईनं त्याच्यावर डस्टर टेकवलं, अन् घंटा झाली. बाई म्हणे, उद्या. उद्या म्हणजे काय! माह्या तोंडातून 'थांबा' निघालं, डॉक्टरनं मना केलेलं. फाटका आवाज, घंटेत बुडाला, कोणी ऐकला नाही. अन् माही गाडीची वेळ झाली होती.

तेव्हापासून जीव लागत नाही. मोईजले विचारलं तर म्हणे, अब्बा, तो कडूबा फळ्यावरचा आहे, खरा नाही. त्याले काय सांगू?

बुधवारच्या तासाले काय झालं? बाईनं तो शब्द पुसला का? पुसल्यावर कडूबा राह्यला का गेला? पोरं काय म्हणाले? तू काय म्हणाली? उलट टपाली लिही, बेटा, सगळं लिही, काही गाळू नको.

तुहा मामू,
वाहेद